एकच रेघ उमटते तेव्हा

पाळी चुकली आहे, स्तन जड होऊन दुखत आहेत, सकाळी उठल्यावर मळमळते, ओटीपोट फुगल्यासारखे वाटते, आणि तरीही लघवीच्या चाचणीपट्टीवर एकच रेघ उमटते, ही स्थिती वैद्यकीय व्यवहारात मुळीच दुर्मीळ नाही. तिच्याविषयी सलग लिहिले मात्र फार कमी जाते, कारण पाठ्यपुस्तके रोगांच्या नावांनी रचलेली असतात आणि ही स्थिती कोणत्याही एका रोगाचे नाव नाही. तिच्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आढळतात. पहिली दृष्टी चाचणीला प्रमाण मानते आणि ‘दिवस राहिलेले नाहीत’ एवढे ठरले की विषय मिटला असे समजते. दुसरीच्या मते चाचणीने फक्त एका शक्यतेवर काट मारलेली असते आणि पाळी का आली नाही हा मूळ प्रश्न तसाच उभा असतो. पुढील संवादात या दृष्टी दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा चालवणारे पॅथॉलॉजिस्ट, दुसऱ्या त्याच गावातील स्त्रीरोगतज्ज्ञ. अनेक वर्षे एकमेकांचे अहवाल वाचत आलेले हे दोघे महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणतात.

पॅथॉलॉजिस्ट : मॅडम, यात गूढ असे काही नाही. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या थरातील पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारे रसायन, तयार करू लागतात; ते आधी रक्तात आणि मग लघवीत उतरते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होत जाते. पट्टीच्या खळग्यात लघवीचे दोन-तीन थेंब पडले की ते कागदातून पुढे सरकतात, वाटेत रंगीत कण जोडलेली प्रतिद्रव्ये एचसीजीला चिकटतात, आणि ‘टी’ या अक्षराजवळ बसवलेली दुसरी प्रतिद्रव्ये ही जोडी अडवून धरतात, म्हणून तेथे रेघ दिसते. ‘सी’जवळची रेघ पट्टी काम करते आहे एवढेच सांगते. एचसीजी नसेल तर दुसरी रेघ उमटणार नाही. बर्लिनमध्ये १९२७च्या सुमारास आशहाइम आणि झोंडेक यांनी ही परीक्षा शोधली तेव्हा बाईची लघवी उंदराच्या माद्यांना टोचून काही दिवसांनी त्यांचे बीजांडकोश तपासावे लागत. आता पाच मिनिटे पुरतात. इतके नेमके साधन हाती असताना मळमळीला आणि जडपणाला पुरावा मानण्याचे कारण उरत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ : पुरावा कशाचा, हे आधी ठरवावे लागेल, सर. मळमळ गर्भ असल्याचा पुरावा नाही, हे मान्य आहे. पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

पॅथॉलॉजिस्ट : खोटी कोणी म्हणत नाही, तिच्यावरून निदान करता येत नाही, एवढेच. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात त्याच्या रिकाम्या पुटकुळीचे पीतपिंडात रूपांतर होते, आणि हा पीतपिंड सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडत राहतो. प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन भरून येतात, आतड्यांची हालचाल मंदावल्याने पोट गच्च होते, शरीराचे तापमान किंचित वाढते, झोप येते, थकवा येतो. गर्भ राहिला तर एचसीजी याच पीतपिंडाला जगवते, म्हणून प्रोजेस्टेरॉन पुढेही चालू राहते. गर्भ नसेल तर पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि पाळी येते. अर्थात पाळीच्या आधीचा आठवडा आणि गर्भारपणाचा पहिला आठवडा या दोन्हींत शरीरावर एकाच रसायनाचा अंमल असतो. लक्षणांवरून त्यांतील भेद ओळखणे अनुभवी बाईलाही शक्य नाही आणि अनुभवी डॉक्टरलाही नाही.

या मुद्द्यावर दोघांत मतभेद नाही आणि तो असण्याचे कारणही नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष दोघांचा वेगळा आहे. लक्षणे दोन्हीकडे सारखीच असतील तर ती निदानापुरती बाजूला ठेवावीत, असे पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच वस्तुस्थितीतून असे दिसते की ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य, जे घरातल्यांपासून दवाखान्यापर्यंत सर्रास ऐकवले जाते, शरीरशास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे. जिची पाळी चार दिवस लांबली आहे तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन खरोखरच चार दिवस अधिक राहिलेले असू शकते. व्हिएन्नाचे स्त्रीरोगतज्ज्ञ योसेफ हाल्बान यांनी १९१५ मध्ये अशाच अवस्थेचे वर्णन केले: गर्भ नसतानाही पीतपिंड वेळेवर विरत नाही, कधी त्याची पाण्याने भरलेली गाठ बनते, पाळी लांबते, मग थोडे थोडे रक्त जाऊ लागते आणि एका बाजूला दुखते. बहुतेक वेळा ही गाठ आपोआप जिरते, तरी ती असेपर्यंत गर्भारपणाची सोंगे हुबेहूब वठवते.

स्त्रीरोगतज्ज्ञ : चाचणी नेमकी आहे हे खरे, पण ती ज्या दिवशी केली त्या दिवसापुरतीच नेमकी आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९८२ ते १९८५ या काळात, मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांनी आपल्या लघवीचे नमुने रोज जमा केले, आणि ॲलन विलकॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत एचसीजी केव्हा प्रथम दिसते ते तपासले. त्या नमुन्यांवरून २००१ मध्ये त्यांनी असे मांडले की पाळी जेव्हा अपेक्षित असते त्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भ अजून रुजलेलेच नसतात. त्यामुळे पट्टी कितीही उत्तम असली तरी त्या दिवशी ती जास्तीत जास्त ९० टक्के गर्भधारणाच पकडू शकते, आणि आठवड्याने हे प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत जाते. वेष्टनावर छापलेले ९९ टक्के बाजारात विकले जातात. ते प्रयोगशाळेत एचसीजी मिसळलेल्या नमुन्यांचे असतात, चुकलेल्या पाळीच्या पहिल्या सकाळचे नसतात.

पॅथॉलॉजिस्ट : म्हणूनच आठवड्याने पुन्हा चाचणी करावी असे प्रत्येक पट्टीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. आणि ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे त्यांच्यासाठी तर याहून सोपा हिशेब आहे. अशा बाईला ‘पाळी चुकली’ हा दिवसच ठरवता येत नाही. तिने शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजावेत आणि मग चाचणी करावी. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीत काही आले नाही तर गर्भधारणेचा प्रश्न जवळजवळ संपतो. शंका उरलीच तर रक्तातील बीटा एचसीजी करता येते. ते लघवीच्या चाचणीहून काही दिवस आधी कळते आणि त्यात आकडा मिळतो, रेघ फिकट की ठळक हा वाद राहत नाही. मात्र रोज एक पट्टी वापरून उजेडात धरून पाहण्याने काय साधते? दिलेल्या वेळेनंतर पट्टी वाळताना राखाडी ओरखडा दिसू लागतो आणि त्यालाच दुसरी रेघ समजून एक घर आनंदित होते. शिवाय फार लवकर तपासण्याची एक किंमत असते. त्याच नॉर्थ कॅरोलायनातील अभ्यासात, एचसीजीने ओळखलेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के, बाईला किंवा डॉक्टरला काही कळण्याआधीच संपल्या होत्या. पूर्वी त्या उशिरा आलेल्या पाळीतच जमा होत; आज त्यांची रेघ दिसते, चार दिवसांनी नाहीशी होते, आणि एका गर्भपाताचे दुःख पदरी पडते.

स्त्रीरोगतज्ज्ञ : ते दुःख कळण्यापेक्षा न कळणे बरे, असे बाईच्या वतीने कोणी ठरवायचे, हा प्रश्न मोठा आहे. तो बाजूला ठेवू. आठवडा झाला, २१ दिवस झाले, दुसऱ्यांदाही एकच रेघ आली. आता दिवस राहिलेले नाहीत हे दोघांनाही मान्य. प्रयोगशाळेचे काम येथे संपते. पण पाळी अजून आलेली नाही, सर.

संवादाचा खरा भाग येथून सुरू होतो. पाळी येणे ही एका लांब साखळीची शेवटची कडी असते: मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक लयीत संदेश सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके सोडते, त्यांवर बीजांडकोश स्त्रीबीज पिकवतो, आणि शेवटी गर्भाशयाचे अस्तर वाढून गळते. साखळी कोठेही अडली तरी बाईला बाहेरून एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पाळी न येणे. झपाट्याने वजन घटले, व्यायाम खाण्यापेक्षा जास्त झाला, परीक्षेचा किंवा घरातील आजारपणाचा ताण महिनोन्‌महिने राहिला, तर हायपोथॅलॅमसची लय मंदावते. अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा स्राव कमी पडला तर थकवा, बद्धकोष्ठ, वजनवाढ आणि बिघडलेली पाळी एकत्र येतात आणि त्यांची बेरीज गर्भारपणासारखी दिसते. चाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत दोन-दोन महिने दडी मारते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात गर्भाशयाच्या अस्तराचा क्षय हेही पाळी बंद होण्याचे एक कारण आहे, आणि ते सहसा वंध्यत्वाची तपासणी होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. या यादीत सर्वांत कमी विचारले जाणारे कारण मात्र बहुधा औषधांच्या डब्यात असते.

स्त्रीरोगतज्ज्ञ : आम्लपित्तासाठी रिकाम्या पोटी घ्यायची जी गोळी घरोघरी असते तिच्यात पुष्कळदा पँटोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड घातलेले असते. ही दोन्ही औषधे डोपामिनची क्रिया रोखतात. पीयूषिकेतून निघणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला, म्हणजे बाळंतपणानंतर दूध आणणाऱ्या संप्रेरकाला, डोपामिनचाच लगाम असतो. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते, ते हायपोथॅलॅमसची लय दाबते आणि पाळी थांबते, आणि स्तन दाबल्यावर दुधासारखा स्राव येतो. आता त्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. पाळी नाही, छाती भरलेली, दूध दिसते आहे, पोटाचा त्रास तर आधीपासूनच होता म्हणून गोळी सुरू होती. ती गर्भार आहे असे तिला वाटले तर तिचे काय चुकले? आणि प्रयोगशाळेने ‘निगेटिव्ह’ लिहून दिले तर तिला काय कळले? तिला फक्त विचारायला हवे होते की कोणती गोळी चालू आहे आणि किती दिवस. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही हेच होते. ती मात्र तिने आपल्या मनाने बंद करायची नसतात, देणाऱ्या डॉक्टरांना सांगून बदलायची असतात.

पॅथॉलॉजिस्ट : हे बिनतोड आहे, मॅडम.

स्त्रीरोगतज्ज्ञ : आणखी एक घ्या. गणपतीत, नवरात्रात, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात, पुष्कळदा डॉक्टरला न विचारता, मैत्रिणीच्या किंवा जावेच्या उरलेल्या पाकिटातून. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखेच वागणारे कृत्रिम संप्रेरक. त्याने स्तन दुखतात, पोट फुगते, मळमळते. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते, पण कधी ती लांबते, आणि विसर्जन होऊन आठवडा झाला तरी पाळी नाही म्हणून घरात कुजबुज सुरू होते. संबंधानंतर घ्यायच्या आपत्कालीन गोळीचेही तसेच. तिच्यातील लेव्होनॉर्जेस्ट्रेलने पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होते, आणि जिने ती गोळी भीतीपोटी घेतली ती प्रत्येक मळमळीत त्या भीतीलाच दुजोरा शोधत असते.

येथे पॅथॉलॉजिस्ट जो युक्तिवाद करतात तो प्रयोगशाळा चालवणाऱ्याच्या तोंडी यावा हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण त्यांचे उत्पन्न नेमके त्याच्या उलट दिशेला असते. त्यांच्या मते आजची मोठी चूक चाचण्या न करणे ही नाही. एक पाळी चुकताच सगळ्या चाचण्या करून टाकणे ही आहे.

पॅथॉलॉजिस्ट : वर्षातून एखादी पाळी आठ-दहा दिवस लांबणे हे निरोगी बाईतही घडते. त्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा पिकले, एवढाच त्याचा अर्थ. बीज बाहेर पडल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो. बीज पिकण्याचा काळ मात्र लांबू शकतो, म्हणून पाळी ‘चुकली’ असे वाटते तेव्हा खरे तर चक्राचा पहिला अर्धा लांबलेला असतो. अशा बाईची दहा संप्रेरके एकदम मोजली, पोटाची सोनोग्राफी केली, तर काही ना काही वेडेवाकडे निघतेच. बीजांडकोशात बारीक पुटकुळ्या दिसल्या की अहवालावर ‘पीसीओडी’ येते. पॉलिसिस्टिक ओव्हरीचे निदान करताना २००३च्या रॉटरडॅम निकषांत तीनपैकी दोन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजांडकोशाचे विशिष्ट रूप. कोवळ्या वयात पुटकुळ्या बहुतेकींना असतात. तरीही विशी-बाविशीच्या मुलीला एका सोनोग्राफीवरून ते नाव चिकटते, लग्नाच्या बोलणीत ते लपवावे लागते, आणि पुढे प्रत्येक लांबलेल्या पाळीला तेच कारण दिले जाते. थांबणे हाही उपचार आहे. नियमित पाळी असलेल्या बाईला तीन महिने आणि अनियमित असलेल्या बाईला सहा महिने पाळी आली नाही तरच तिला ‘पाळी बंद होणे’ म्हणावे, ही व्याख्या उगीच केलेली नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ : थांबणे ठीक, पण थांबतो कोण? बाई थांबत नाही. ती औषधाच्या दुकानात जाऊन ‘पाळी येण्याची गोळी’ मागते आणि तिला ती मिळते.

या वाक्यामागे एक जुना आणि विसरला गेलेला इतिहास आहे. १९५० ते १९७०च्या दशकांत अनेक देशांत संप्रेरकांच्या गोळ्या हीच गर्भधारणेची चाचणी होती: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या द्रव्यांचे मिश्रण द्यायचे, नंतर रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, झाला नाही तर गर्भ आहे. ब्रिटनमध्ये १९६७ साली इसाबेल गाल यांनी अशा गोळ्यांचा आणि बाळांतील जन्मजात दोषांचा संबंध असावा असा इशारा दिला, आणि तेथील त्या प्रकारची प्रसिद्ध गोळी १९७८ मध्ये बाजारातून गेली. दोषांचे कारण तीच होती का, याविषयीचा वाद पुढे कित्येक दशके चालू राहिला. भारतात ‘ईपी फोर्ट’ या नावाने ओळखली जाणारी, मोठ्या मात्रेतील अशीच मिश्रणे चुकलेल्या पाळीवर सर्रास दिली जात, आणि पुष्कळदा गर्भ पाडण्याच्या अपेक्षेने घेतली जात, जरी त्यासाठी ती निरुपयोगी होती. स्त्री-आरोग्य गटांनी दीर्घ लढा दिल्यानंतर १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. औषधे बदलली, पण ‘पाळी आणून टाकावी’ ही मागणी बदलली नाही. आज चाचणी करून, गर्भ नाही हे पक्के झाल्यावर, डॉक्टर काही दिवस प्रोजेस्टेरॉनवर्गीय गोळ्या देतात, तेव्हा त्यानंतरच्या रक्तस्रावातून अस्तर वाढलेले होते आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे, हे निदानासाठी कळते. चाचणी न करता, कारण न शोधता त्याच गोळ्या दर महिन्याला घेतल्या तर पाळी येते आणि आजार दिसेनासा होतो. पीयूषिकेतील गाठ किंवा मंदावलेली अवटू ग्रंथी त्या पाळीआड वर्षानुवर्षे लपू शकते.

पॅथॉलॉजिस्ट : तरीही एक गोष्ट सोडता कामा नये. ‘निगेटिव्ह’ अहवाल चुकीचा ठरण्याची शक्यता किती, हे बाईला खरे तेवढेच सांगावे, घाबरवून नव्हे. एचसीजीचे प्रमाण अतोनात वाढले तर पट्टीवरची दोन्ही प्रतिद्रव्ये वेगवेगळ्या रेणूंना चिकटून भरून जातात, जोडी बनत नाही आणि रेघ उमटत नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशींचे द्राक्षांसारखे फुगे वाढतात त्या विकारात, हे घडू शकते. लघवीत पाणी मिसळून पुन्हा तपासले की रेघ येते. ही उदाहरणे विरळ आहेत. केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्यांच्या काही रक्तचाचण्या चुकतात, थायरॉइडच्याही, हे मात्र प्रयोगशाळांनी स्वतःहून विचारायला हवे, आणि ते फारसे विचारले जात नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ : विरळ असले तरी त्यांतील एक जीव घेते. अस्थानी गर्भधारणेत, गर्भ बीजवाहक नलिकेत रुजतो तेव्हा, एचसीजी हळू वाढते. रेघ फिकट असते, क्वचित लघवीत दिसतही नाही. पाळी चुकली असताना एका बाजूला कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, घेरी येत असेल, तर पट्टीने काहीही म्हटलेले असो, त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. तेथे आठवडा थांबण्याचा सल्ला लागू नाही. आणि पोट खरोखर वाढत असेल तर हाताने तपासल्याशिवाय आणि सोनोग्राफीशिवाय बोलूच नये. अमेरिकेत केंटकी राज्यातील जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंना दिवस भरून उलटले, जुळी असावीत, असेच सगळ्यांना वाटत होते. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी १८०९ च्या डिसेंबरात त्यांना तपासून गर्भाशय रिकामे असल्याचे सांगितले आणि भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात पोट उघडून बीजांडकोशाची सुमारे दहा किलोची गाठ काढली. त्या बाई पुढे तीस वर्षांहून अधिक जगल्या.

गाठ आणि गर्भ यांतील हा संभ्रम पाश्चात्त्य वैद्यकाच्या फार पूर्वी आपल्याकडे नोंदला गेला आहे. चरकसंहितेतील गुल्माच्या प्रकरणात रक्तगुल्म नावाचा, फक्त स्त्रियांना होणारा विकार सांगितला आहे: पाळी बंद होते, गर्भाची बहुतेक सर्व लक्षणे दिसतात, पण पोटातील पिंड एकसंध गोळ्यासारखा, वेदनेसह हलतो, गर्भाप्रमाणे हातापायांच्या वेगवेगळ्या हालचाली जाणवत नाहीत, आणि उपचार दहावा महिना उलटल्यावरच करावा. या शेवटच्या सूचनेवरून आजचा वाचक नाक मुरडील, तथापि चाचणीचे कोणतेही साधन नसताना जिवंत गर्भाला अपाय होऊ नये म्हणून काढलेला तो खबरदारीचा मार्ग होता. पॅथॉलॉजिस्टना ही सूचना आपल्या बाजूची वाटते, कारण ती थांबायला सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञांना ती आपली वाटते, कारण थांबण्याआधी ती हात लावून तपासायला सांगते.

उरतो तो सर्वांत अवघड प्रकार: जेथे गर्भ नाही, गाठ नाही, औषधही नाही, आणि तरीही बाईला आपण गर्भार आहोत याविषयी शंका नाही. याला आभासी गर्भधारणा म्हणतात. इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १५५४च्या अखेरीस तिची गर्भधारणा जाहीर झाली, पुढील वसंतात ती बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात जाऊन राहिली, पाळणा सजवला गेला, जन्माची वार्ता परदेशी कळवणारी पत्रे तारखेपुरती मोकळी जागा सोडून लिहून ठेवली गेली, आणि १५५५ च्या ३० एप्रिलला राजपुत्र झाल्याच्या अफवेने लंडनमध्ये घंटाही वाजल्या. ऑगस्टच्या प्रारंभी तिने काही न बोलता तो राजवाडा सोडला. तिला नेमके काय झाले होते हे आज ठरवता येणार नाही. पीयूषिकेच्या गाठीपर्यंत अनेक तर्क केले गेले आहेत.

पॅथॉलॉजिस्ट : अशा वेळी तरी निकाल समोर ठेवणे हाच मार्ग नाही का? सोनोग्राफीच्या पडद्यावर रिकामे गर्भाशय दाखवले की शंका फिटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ : काहींची फिटते, आणि तो पडदा त्यांना दाखवायलाच हवा, खोटे बोलण्याचा प्रश्नच नाही. पण निकाल कसा ठेवावा, कोणासमोर ठेवावा? लग्नाला काही वर्षे झाली आहेत, सासूने ‘गोड बातमी कधी’ विचारणे थांबवून दुसऱ्या सुनेकडे लक्ष वळवले आहे, किंवा एक मूल जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. या बाईच्या शरीरात दीर्घ ताणाने प्रोलॅक्टिनसारख्या संप्रेरकांत खरोखर बदल झालेले असू शकतात, पोट गॅसने आणि कंबर पुढे काढून चालण्याने खरोखर पुढे आलेले असते. तिला सासूसमोर ‘काही नाही, नाटक आहे’ असे सांगितले तर ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, तिसऱ्याकडे जाईल, शेवटी देवऋष्याकडे जाईल. गर्भ नाही हे तिला एकटीला, सावकाश सांगावे. शरीरात जे घडले ते खरे आहे हेही सांगावे, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवताना ती चिठ्ठी शिक्षा वाटणार नाही असे पाहावे.

पॅथॉलॉजिस्ट : उलट प्रकारही आहे, मॅडम. बर्लिनमधील बाळंतपणांच्या नोंदींवरून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४७५ पैकी एका बाईला विसाव्या आठवड्यापर्यंत आपण गर्भार असल्याचे कळले नव्हते, आणि सुमारे अडीच हजारांपैकी एकीला थेट कळा सुरू झाल्यावर कळले. शरीर दोन्ही दिशांनी फसवते. म्हणूनच शरीराच्या सांगण्यापेक्षा रेघ बरी.

स्त्रीरोगतज्ज्ञ : त्या बायकांनी चाचणीच केली नव्हती, सर. रेघ तेथेही कामी आली नाही. कोणी वेळेवर विचारले असते तर आली असती.

या विसंवादाला महाराष्ट्रात एक रोजचे ठिकाण आहे. सरकारी योजनेतून ‘निश्चय’ नावाच्या चाचणीपट्ट्या गावोगावच्या आशाताईंकडे मोफत दिल्या जातात. दोन रेघा आल्या तर पुढची वाट आखलेली असते: नोंदणी, लोहाच्या गोळ्या, तपासण्या, किंवा मूल नको असेल तर कायदेशीर गर्भपाताची सोय. एक रेघ आली तर कुटुंबनियोजनाचा सल्ला द्यावा असे अपेक्षित असते, आणि पाळी न येण्याच्या कारणाचा विषय बहुधा त्याच उंबऱ्यावर संपतो. आशाताईंनी दोन वाक्ये अधिक बोलावीत, की आठवड्याने पुन्हा चाचणी करा आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, याला पॅथॉलॉजिस्टचा विरोध नाही. आपल्या अहवालाच्या तळाशी हेच मराठीत छापायलाही ते तयार आहेत. एका बाजूची तीव्र कळ, घेरी, दुधासारखा स्राव, डोकेदुखीबरोबर कमी होणारी दृष्टी यांपैकी काही असल्यास वाट पाहू नये, हेही त्यांना मान्य आहे.

मतभेद राहतो तो बाकीच्या बायकांविषयी. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मते पाळीला सहा आठवडे उशीर झाला की पहिल्याच खेपेला थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यावे, कारण एका दिवसाची मजुरी बुडवून गावाहून आलेल्या बाईला ‘तीन महिन्यांनी या’ सांगणे म्हणजे ‘येऊ नका’ सांगणेच होय. पॅथॉलॉजिस्ट यावर असे दाखवून देतात की सुईच्या भीतीनेही प्रोलॅक्टिन वाढते, वाढलेला आकडा शांत बसवून पुन्हा तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि मग त्याच बाईला दुसऱ्या मजुरीवर पाणी सोडून दुसऱ्यांदा यावे लागते, बहुधा विनाकारण. पहिल्या खेपेलाच तिला अर्धा तास बाकावर बसवून मग रक्त घ्यावे, असे मॅडम सुचवतात; सकाळी रांग असते तेव्हा ते कोणत्या प्रयोगशाळेत जमेल, असे सर विचारतात.